सात महिन्यांनंतर: उसातला सेन्सर खरा निघाला, पण ती वायर!

परवा सकाळी ॲप उघडलं तर खालच्या सेन्सरच्या जागी आकडाच नाही, नुसती आडवी रेघ. रानात जाऊन बघतोय तर वायर उंदरानं कुरतडलेली, आतली तांब्याची तार उघडी पडलेली. महिन्याभरात दुसऱ्यांदा झालं हे. म्हणून आज बसून लिहितोय, कारण मातीतली ओल मोजून मोबाइलवर आकडा दाखवणाऱ्या या मशीनबद्दल चांगलं लिहिलेलं भरपूर सापडतं, पण वायरीबद्दल कुणी एक अक्षर लिहीत नाही.

पॅनेल, सिम, ॲप वगैरे सगळ्यांना माहिती आहे, ते परत सांगत बसत नाही. माझं रान शिरोळ तालुक्यात, काळं, चिकट. सव्वादोन एकर ८६०३२ जातीचा ऊस, जुलैची आडसाल लागण, ठिबकवर. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसाला एआय लावल्याचं ऐकलं होतं, मग २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनीच त्याबद्दल सांगितलं, पाठोपाठ राज्य सरकारचं ५०० कोटींचं कृषी एआय धोरण आलं, आणि गावात चर्चा सुरू झाली. मी आणि चुलतभावानं निम्मे निम्मे घालून नोव्हेंबरात मशीन बसवलं. बत्तीस हजार, वर वर्षाला सहा हजार ॲपचे. आबांचा विरोध होता. "मूठभर माती दाबली की कळतंय वाफसा हाय का न्हाय, त्याला बत्तीस हजार कशाला?"

आबांची मूठ वरच्या चार बोटांपुरती खरी आहे, हे मी आता खात्रीनं सांगतो. मशीनला दोन सेन्सर आहेत, एक फुटावर आणि दोन फुटांवर. आकडा कमी म्हणजे ओल जास्त, वाढला म्हणजे रान वाळत चाललंय. आमच्या काळ्या रानाला कंपनीनं ४० ची रेघ ठेवलीय, वरचा सेन्सर तिथं पोचला की पाणी द्यायचं. पहिले पंधरा दिवस मी आकडे बघत होतो पण मोटर माझ्याच सवयीनं चालवत होतो. लाइट आली की चालू, चार तास. वरचा सेन्सर खालीवर व्हायचा, दोन फुटांवरचा मात्र ८ च्या पुढं जाईना. मला वाटलं खराब पीस दिला. शेवटी एका सकाळी बेटाच्या कडेला खोरं मारून दोन फूट खड्डा घेतला, खालून जी माती आली ती हातात घेतली तर नुसता गारा, कुबट वास आणि त्यातली मुळं तपकिरी, ओढली की साल हातात. वरची मुळं पांढरीशुभ्र. आबांनी स्वतः वाकून बघितलं आणि काही बोलले नाहीत. म्हणजे इतकी वर्षं आम्ही घातलेलं निम्मं पाणी मुळांच्या खाली जात होतं आणि ठिबकमधून सोडलेला युरियापण त्याच्याबरोबर जात होता.

तेव्हापासून चार तासांचे अडीच तास केले. डिसेंबरअखेर खालचा आकडा २० च्या आसपास आला, फुटवा एकसारखा दिसायला लागला आणि युरियाचे दोन हप्ते मी कमी केले तरी पान पिवळं पडलं नाही. एकरी उतारा किती वाढला ते तोड झाल्यावरच कळेल, आत्ता सांगणं बरोबर नाही.

आता इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे. तासगावकडच्या द्राक्षवाल्यांनी असली मशीनं आधी घेतली, कारण डाऊनी रोगाची एक फवारणी वाचली तरी पैसे खिशात दिसतात. उसाला तसं होत नाही. साडेसात एचपीपर्यंतच्या मोटरीला २०२४ पासून वीजबिल माफ, आमच्या पाणीपुरवठा संस्थेची पट्टी एकरावर, पाणी दोन तास घ्या नाहीतर दहा तास घ्या. पाणी वाचवून खिशात काहीच दिसत नाही, मग सहा हजार कोण भरणार? पण शिरोळात राहणाऱ्यानं हा हिशोब करू नये. जादा पाण्यानं आमच्या तालुक्यातलं केवढं रान क्षारपड झालंय, म्हणजे क्षार वर येऊन नापीक झालंय, ते आपण रोज रस्त्यावरून बघतोय. दत्त कारखान्यानं सच्छिद्र पाइप टाकून निचऱ्याचं काम केलं म्हणून त्यातलं थोडं परत पिकाखाली आलं, पण आधी पाणी कमी दिलं असतं तर ते पाइप पुरायची वेळच आली नसती. माझं रान अजून चांगलं आहे आणि ते तसंच राहावं एवढ्यासाठी मी हे मशीन ठेवलंय.

फेब्रुवारीत मात्र मी याला एक स्टार दिला होता. डीपी, म्हणजे लाइटचा ट्रान्सफॉर्मर जळाला, नऊ दिवस लाइट नाही, रान वाळून भेगा पडल्या. लाइट आल्यावर पाणी दिलं, पायाखाली चिखल, आणि ॲपवर वरच्या सेन्सरचा आकडा १६०! रात्री दोनला मेसेज, "तातडीने पाणी द्या". त्या रागात मी ॲपवर काय काय लिहिलं. सहा दिवसांनी कंपनीचा पोरगा आला, कृषी पदवीधर, पुण्याहून बसनं आलेला. त्यानं सेन्सर उपसला आणि म्हणाला, "काका, बघा, भेग बरोबर सेन्सरला लागून गेलीय. त्याला मातीच लागत नाही, हवा मोजतोय तो." मग त्याच जागेची माती चाळून बादलीत लापशीसारखी कालवली, भोकात ओतली, सेन्सर परत बसवला, वर पाचट पसरलं. तिसऱ्या दिवशी आकडा २५. काळ्या रानात भेगा पडू द्यायच्या नाहीत आणि पडल्याच तर सेन्सर लापशीत परत बसवायचा, एवढं जरी ॲपमध्ये मराठीत लिहून ठेवलं असतं तरी माझे सहा दिवस वाचले असते. ते स्टार मी त्याच रात्री चार केले, पोरगा खरंच गुणी होता.

आणि मग वायर.

एप्रिलमध्ये पहिल्यांदा उंदरानं तोडली. उसात उंदीर असतो हे शेंबडं पोरगंसुद्धा सांगेल, आणि बत्तीस हजारांच्या मशीनची वायर जमिनीवर उघडी, वर पातळ रबर. फोन केला तर "उंदीर चावणं वॉरंटीत येत नाही". नवी वायर २,८०० रुपये, माणूस येण्याचे ९०० वेगळे. तीन मीटर वायर! २०२५-२६ ची एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये, त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, म्हणजे एक टनाहून जास्त ऊस मी तीन मीटर वायरीला दिला. जयसिंगपुरातल्या दुकानातली साधी वायर चालत नाही, कारण टोकाला त्यांचंच वेगळं कनेक्टर. ती कुरियरनं यायला अकरा दिवस, तेवढे दिवस मी परत आबांच्या मुठीवर. या वायरीवरून मी फोनवर तीनदा भांडलोय, दर वेळी वेगळी मुलगी, दर वेळी पहिल्यापासून सांगायचं.

परवा दुसऱ्यांदा तुटल्यावर फोनच केला नाही. तुटकी वायर घेऊन सरळ कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. ओळखीच्या मिस्त्रीनं कनेक्टरला हात न लावता मधला तुकडा बदलला, चारही तारा वेगवेगळ्या डाग दिल्या, वर स्लीव्ह चढवून गरम केली, आणि अर्धा इंची जीआय पाइपचे दोन तुकडे कापून दिले, टोकाला रबरी बूच. सगळे मिळून ३४० रुपये. काल दोन्ही वायरी पाइपात घालून वीतभर खोल पुरल्या. आकडे बरोबर येतायत, वरचा ३१, खालचा १९.

त्या पाइपाचे फोटो कंपनीला पाठवलेत आणि लिहिलंय की हे मशीनबरोबरच द्या, किंमत पाचशे वाढवा, कुणी नाही म्हणणार नाही. आणि वायर जयसिंगपुरात एका दुकानात ठेवा. आमच्या गावात तिघांनी मशीन घेतलं, त्यातल्या एकाचं वायर तुटल्यापासून गोठ्यात खुंटीला अडकवलेलं आहे. ते परत रानात गेलं पाहिजे म्हणून त्याला उद्या मिस्त्रीचा नंबर देतोय. नोव्हेंबरात सहा हजार भरायची तारीख आहे. मी भरणार आहे, चुलतभाऊ म्हणतोय आधी वायर दुकानात येऊ दे. आबा आता सकाळी चहा झाला की विचारतात, "खालचा किती हाय आज?"