घोडी डुकरांना बुजायची म्हणून ट्रेनर लावली, तिचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

चार स्टार देतेय. पाचवा का कापला ते खाली येईल, पण ज्यांच्या घोड्याशेजारी अचानक डुकरं येऊन राहिलीत त्यांनी ही सर्व्हिस घ्यावी की नाही, तर घ्यावी. फक्त आठवड्यात काम होईल अशी आशा ठेवू नका, आम्हाला साडेतीन महिने लागले.

माझ्याकडे दोन घोडे. काजळ ही नऊ वर्षांची घोडी, अंगात नुसती वीज, आणि बादल हा एकवीस वर्षांचा म्हातारा, त्याने आयुष्यात सगळं बघून झालंय. शेजारच्या काकांनी सहा डुकरं आणली आणि त्यांचं कुंपण आमच्या कुंपणाला अगदी लागून घातलं. काजळला डुकरं दिसायच्या आधी वास आला. मान ताठ, कान टवकारलेले, नाकपुड्या फुगवून जोरात फुरफुरली, मग वरचा ओठ उलटा करून वास घेत राहिली आणि वाऱ्याबरोबर पहिला चित्कार आला तशी जी उधळली ती अंधार पडेपर्यंत लांबच्या कुंपणाला धरून इकडून तिकडे पळतच होती. चाऱ्याला तोंड लावलं नाही. बादलने एकदा तिकडे बघितलं आणि परत खायला लागला.

याआधी एक दुसरा ट्रेनर बोलावला होता, नाव लिहित नाही. त्याचं म्हणणं, म्होरकी घालून कुंपणाजवळ उभी करा, थोडा वेळ नाचेल, मग सवय होईल. अर्धा तास धरून ठेवली. शेवटी ती खांबासारखी उभी राहिली, आणि तो म्हणाला बघा झाली शांत. दुसऱ्या दिवशी तिला त्या बाजूला नेताना तिने दोर असा ओढला की म्होरकीचा कडा तुटला आणि माझ्या तळहाताची सालं निघाली. आधी निदान वारा त्या बाजूने असला तरच घाबरायची, त्यानंतर तिकडच्या फाटकाचा नुसता आवाज आला तरी थरथरायची.

मग ही ट्रेनर. आधी एक फॉर्म भरायला लावते, त्यातले प्रश्न वाचून मला वाटलं ही बाई टाइमपास करतेय. डुकरं किती, त्यांना खायला किती वाजता घालतात, वारा बहुतेक कुठून येतो, मध्ये आडोसा आहे का, आणि घोडी रात्री आडवी होते का. शेवटच्या प्रश्नाला मी "माहीत नाही" लिहिलं. घोडे उभ्यानेच झोपतात ना, मला एवढंच माहीत.

पहिल्या व्हिजिटला तिने घोडीला हातसुद्धा लावला नाही. काठीला रिबन बांधून सगळीकडे वारा बघत फिरली, टेपने अंतरं मोजली, आणि मग लांबूनच काजळच्या पुढच्या पायांकडे बोट दाखवून म्हणाली, खुराच्या वरच्या सांध्यावर हे खरचटलंय ते कधीपासून? मी म्हटलं पळताना कुठेतरी लागलं असेल. तर म्हणे पळताना नाही, ही रात्री आडवीच होत नाहीये. घोडा उभ्याने डुलकी काढू शकतो, पण गाढ झोपेचा जो भाग असतो त्यासाठी त्याला रोज थोडा वेळ तरी, साधारण अर्धा तास, आडवं व्हावंच लागतं, आणि आजूबाजूला सुरक्षित वाटलं नाही तर तो आडवा होत नाही. मग काही दिवसांनी उभ्या उभ्या झोप लागते, पुढचे पाय दुमडतात आणि सांधे जमिनीवर घासतात. मला खरंच लाज वाटली. रोज खरारा करते मी तिला, रोज ते पाय बघते.

दुसरं तिने केलं ते म्हणजे स्टेथोस्कोप लावून ठोके मोजले. शांत उभ्या घोड्याचे मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. काजळ कुंपणापासून बरीच लांब, वरून अगदी गप्प उभी होती आणि ठोके ७२! म्हणजे त्या आधीच्या माणसाने जिला शांत म्हटलं होतं ती आतून काय असेल विचार करा. पळता येत नाही म्हटल्यावर थिजून उभी राहिली होती बिचारी, आणि डुकरं दिसली की आपण अडकतो एवढाच धडा घेऊन घरी आली.

डुकरांचीच एवढी भीती का, हे मी विचारलं. लोक सांगतात घोड्याचं आणि डुकराचं जन्माचं वैर असतं वगैरे. ती म्हणाली तसं काही नाही, शिंगरू असल्यापासून डुकरांजवळ वाढलेले घोडे ढुंकून बघत नाहीत. अडचण अशी की डुकरात घोड्याला न आवडणारं सगळं एकत्र आलंय. जमिनीलगत गवतातून सरकणारं काहीतरी, आत्ता झोपलेलं आणि पुढच्या क्षणी सुसाट पळणारं, अनोळखी उग्र वास, आणि तो चित्कार, जो १०० डेसिबलच्या वर जातो आणि घोड्याला तर आपल्यापेक्षा जास्त उंच पट्टीचे आवाज ऐकू येतात, आपलं २० हजार हर्ट्झला संपतं त्यांचं ३३ हजारांपर्यंत चालतं. नजर जवळपास ३५० अंश फिरते म्हणून कुठेही हललं तरी कळतं, पण ते नक्की काय आहे ते नीट कळत नाही. आणि कळेपर्यंत थांबणारे घोडे मागेच कधीतरी कोणाच्या तरी पोटात गेले, असं ती हसत म्हणाली.

मी मोठ्या हुशारीने कुंपणाला पत्रे लावून ठेवले होते, दिसायलाच नको म्हणून. ते तिने पहिल्यांदा काढायला लावले. एकदम नाही, एका टोकापासून थोडे थोडे. आवाज येतो, वास येतो आणि दिसत काही नाही, ही घोड्यासाठी सगळ्यात वाईट अवस्था. त्याऐवजी दोन कुंपणांमध्ये तीन मीटरची मोकळी पट्टी सोडायला सांगितली. डुकरांच्या बाजूला विजेच्या दोन तारा खाली, एक साधारण २० सेंमीवर आणि एक ४० वर, कारण डुक्कर नाकाने खालून उचकटतं, आणि घोड्यांच्या बाजूला रुंद पांढरी टेप, जी त्यांना पळतानाही दिसते. काटेरी तार कुठेच नाही. काकांना पट्टीसाठी जागा सोडायला तयार करणं हे माझ्याच्याने झालं नसतं. तिने जाऊन सरळ सांगितलं, "काका, घोडी तुमच्या कुंपणावर पडली तर डुकरं तुमचीच बाहेर पळणार." काकांनी दुसऱ्या दिवशी खांब हलवले!

खरं काम पुढे सुरू झालं आणि ते बघायला इतकं बोअरिंग आहे की व्हिडिओ टाकला तर कोणी बघणार नाही. नियम एकच, चघळणं. काजळला गवत खायला देत देत डुकरांच्या दिशेने न्यायचं आणि तिचा जबडा थांबला की तिथेच वळून दोन पावलं मागे, परत चघळायला लागली की उभं राहायचं, बस्स. पहिल्या दिवशी हा जबडा ५५ मीटरवर थांबला. कान डुकरांकडे असले तरी चालतील, तोंड चालू पाहिजे. उपाशी घोडी आणून खाण्याच्या लालसेने ओढायची नाही हे तिने दहा वेळा बजावलं, घोड्याच्या पोटात ॲसिड सतत तयार होत असतं, आधीच टेन्शन त्यात रिकामं पोट म्हणजे अल्सरला आमंत्रण. सोबत कायम बादल, कुंपणाच्या बाजूला तो आणि आतल्या बाजूला ती. म्हाताऱ्याचा एवढा उपयोग मी कधी केला नव्हता, ती त्याच्याकडे बघायची, तो शेपटीने माशा हाकलत असायचा, मग तीही मान खाली घालायची.

दुसरी युक्ती खायच्या वेळेची. डुकरं सगळ्यात जास्त किंचाळतात ती बादली दिसल्यावर. काकांना त्यांचं खाणं लांबच्या कोपऱ्यात घालायला सांगितलं आणि बरोबर त्याच वेळी आमच्याकडे काजळला तिचं आवडतं गाजर. महिन्याभरात असं झालं की तिकडे किंकाळी उठली की ही माझ्या खिशाकडे बघते.

फोनवर डुकरांचे आवाज हळू आवाजात लावायचं हा प्रकार मात्र मला फुकट वाटला. फोनच्या त्या पिचक्या स्पीकरमधून खरा चित्कार येतच नाही, काजळने पहिल्याच दिवशी दुर्लक्ष केलं आणि खऱ्या आवाजाला तेवढीच दचकली.

सगळ्यात भारी दिवस सातव्या आठवड्यातला. काकांची एक मोठी डुकरीण आहे, बादलीमागे कुठेही येते. ट्रेनरने काकांना सांगितलं की तिला कुंपणाच्या कडेने आमच्यापासून लांब चालवत न्या, आणि आम्ही मागून येतो. म्हणजे डुक्कर घोडीच्या अंगावर येत नाही, ते पळून चाललंय आणि घोडी त्याला हाकलतेय! काजळ आधी थांबली, मग दोन पावलं, मग कान पुढे आणि चक्क दुडक्या चालीने निघाली की मलाच तिला धरून ठेवावं लागलं. काकांची बादली, डुकरीण, मागे घोडी, त्यामागे बादल आणि शेवटी धापा टाकत मी, अशी वरात. त्या दिवशी पहिल्यांदा ती कुंपणापासून १२ मीटरवर स्वतःहून गवत खात उभी राहिली.

आता त्यानंतर काय झालं तेही सांगते, नाहीतर रिव्ह्यू जाहिरात वाटेल. दहाव्या आठवड्यात काकांची दोन लहान डुकरं रात्री सुटून आमच्या कुरणात आली. सकाळी काजळ घामाने भिजलेली आणि परत ४० मीटरच्या पुढे यायला तयार नाही. मी फोनवर जवळजवळ रडले. ती म्हणाली दोन टप्पे मागे जा आणि तेच कर, यावेळी लवकर होईल. आणि खरंच, आधी ज्याला सहा आठवडे लागले ते बारा दिवसांत झालं. उलट्या दिशेने नेतानाही सगळं परत थोडं करावं लागतं हे लक्षात ठेवा, तीच डुकरं, तेच कुंपण, पण दुसऱ्या बाजूने आलात तर घोड्याला ते नवीनच दिसतं. वर बसून जाताना सरळ डुकरांवर घालायची नाही, तिरकं जायचं आणि लगाम आखडायचा नाही, खालची वस्तू नीट बघायला तिला मान मोकळी लागते.

आता पाचवा स्टार. ट्रेनरने वासाची सवय व्हावी म्हणून डुकरांच्या खालचा वापरलेला पेंढा आणून कुरणात लांब ठेवायला सांगितला. मी ठेवला. आमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तो बघून मला झापलं, कारण लेप्टोस्पायरोसिस लघवीतून पसरतो, डुकरातून घोड्याला आणि मलाही. वासच हवा तर कोरडं पोतं डुकराच्या अंगाला घासून आणा म्हणाले. शिवाय डुकरांच्या खाद्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही आणि हे तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. डुकरांच्या तयार खाद्यात कधी कधी लिंकोमायसिन किंवा आयोनोफोर गटातली औषधं मिसळलेली असतात, डुकराला ती चालतात, घोड्याच्या पोटात गेली तर घोडा मरू शकतो. माझ्याकडे काकांची पोती पावसात आमच्या शेडमध्ये ठेवलेली होती, काजळच्या खाण्याच्या डब्याशेजारी! आणि जपानी एन्सेफलायटिस, म्हणजे विषाणूने होणारा मेंदूज्वर, जिथे आहे तिथे डासांचाही विचार करा, तो विषाणू डुकरांच्या अंगात वाढतो, डास तिथून उचलतात आणि घोड्यांना आणि माणसांना चावतात, घोड्यांसाठी लस मिळते का ते डॉक्टरांना विचारा. वागणुकीची ट्रेनर आहे, डॉक्टर नाही, मान्य, पण "हे डॉक्टरांना विचारा" एवढी एक ओळ तरी तिच्या प्लॅनमध्ये हवी. प्लॅन पीडीएफमध्ये येतो, तोही चार वेळा आठवण केल्यावर आला.

अजून एक, तिने कधीच दोघांना एकत्र सोडायचं प्रॉमिस केलं नाही आणि ते मला आवडलं. डुकरं उकरून खड्डे करतात आणि घोड्याचा पाय त्यात गेला की संपलं, उलट घोड्याची एक दुगाणी बसली तर लहान डुक्कर जागेवर जाईल. शेजारी राहायचं, एका कुरणात नाही.

परवा सकाळी खरारा करायला गेले तर काजळच्या डाव्या कुशीला आणि शेपटीत पेंढा अडकलेला. पुढच्या सांध्यांवरच्या जखमा कधीच्या भरल्यात, तिथे आता नवीन केस यायला लागलेत. पेंढा मी तसाच राहू दिला, फोटो काढून ट्रेनरला पाठवला. तिचा रिप्लाय अजून आलेला नाही, पीडीएफसारखाच येईल कधीतरी.