भिंतीवर मृणालताईंचा फोटो होता

ग्राहकांच्या तक्रारी लढवते म्हणणाऱ्या एका बाईच्या ऑफिसात समाजवादी नेत्या मृणाल गोरेंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. माझी आई सत्तरच्या दशकात त्यांच्या महागाईविरुद्धच्या मोर्चांत लाटणं-थाळी घेऊन गेलेली. तो फोटो पाहिला आणि माझा विश्वास बसला. बाईंना माहितीही खूप. 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही मृणालताई खासदार झाल्या आणि इंदिरा गांधी हरल्या तेव्हाची, १९७७ची घोषणा, गोरेगावच्या पाण्यासाठीचे लढे, सगळं त्यांना तोंडपाठ. "एकट्या बाईला दुकानदार कसे नाडतात, मला विचारा," म्हणाल्या. दुसऱ्या भेटीत, "मॅडम काय, ताई म्हणा हो."

माझी तक्रार साधी होती. वॉटरप्रूफ म्हणून विकलेलं स्वयंपाकघराच्या कपाटांचं प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगलं, दारं लागेनात, दुकानदाराने हात वर केले. बाईंनी नोटीस, कोर्ट फी, वकील असं करत हप्त्याहप्त्याने चौदा हजार घेतले. दर वेळी पिवळी पावती, तिच्यावर जांभळा गोल शिक्का, 'ग्राहक न्याय मंच'. तारीख विचारली की, "गर्दी फार आहे हो, लागेल."

शेवटी मीच जिल्हा ग्राहक आयोगात गेले. खिडकीतल्या बाईंनी पावत्या उलटसुलट पाहिल्या. "तक्रार क्रमांक कुठाय?" नव्हताच. माझ्या नावाने काही दाखलच झालेलं नव्हतं. मग त्यांनी दुकानदाराला लिहिलेल्या माझ्या पहिल्या पत्राची तारीख पाहिली आणि गप्प झाल्या. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. माझी चार महिन्यांपूर्वीच संपली होती. चौदा हजारांपेक्षा हे जास्त लागलं. तिने माझे दिवस खाल्ले.

त्या खिडकीवर कळलं ते सांगते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी शून्य आहे. वकील सक्तीचा नाही. आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइनही. अडलं तर १९१५वर फोन करायचा. आणि कुणाही बाईला वकील हवाच असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देतं, तिची कमाई कितीही असो. म्हणजे 'कोर्ट फी' ऐकलं तेव्हाच मी उठायला हवं होतं. जिल्ह्याच्या सरकारी 'मंचा'चं नाव जुलै २०२०पासून 'आयोग' झालंय, त्यामुळे आज कुणी 'मंच' लिहिलेला शिक्का मारला तर आधी आयोगात जाऊन विचारा. मनापासून राबणाऱ्या ग्राहक संघटना आहेत, म्हणूनच मला या बाईचा जास्त राग येतो. ज्या मृणालताईंनी बायकांचं पाणी, रेशन, घर यांसाठी जन्म रस्त्यावर काढला, त्यांचा फोटो लावून हिने बायकांनाच लुटलं.

विलंब माफ करावा असा अर्ज मी दिलाय, कारण म्हणून त्याच पावत्या जोडल्यात. पोलिसांतही तक्रार केली. नंतर तिच्या ऑफिसवर गेले तर दाराला कुलूप. जिन्यात एक मावशी बसल्या होत्या, हातात तसलीच पिवळी पावती. त्यांच्या मुदतीला अकरा दिवस उरले होते. रिक्षा केली आणि दोघी तशाच आयोगात गेलो.