सतरा नंबर फॉर्मवाल्या बायकांचा दुपारचा क्लास, विश्रामबाग सांगली
माझ्या मोठ्या जाऊबाईंची शाळा आठवीतच सुटलेली, लग्न झालं म्हणून. त्यांनी सतरा नंबरचा फॉर्म (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा बोर्डाचा फॉर्म) भरून दहावी दिली ती या क्लासमधून, म्हणून लिहितेय. बाहेरून दहावीचे क्लास तसे भरपूर आहेत पण बहुतेक ठिकाणी मोठ्या बायकांना शाळेच्या पोरांमध्ये बसवतात आणि त्याच नोट्स हातात देतात. इथे तसं नाही. वेळ दुपारी दोन ते चार, म्हणजे डबे, धुणंभांडी उरकून जाता येतं. जाऊबाईंचा शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला, तर गावच्या शाळेतून दुसरी प्रत काढण्यापासून प्रतिज्ञापत्रापर्यंत सगळं मॅडमनी समजावून सांगितलं.

मला सगळ्यात पटलं ते म्हणजे हाताची तयारी. उत्तर तोंडी येतं हो, पण वर्षानुवर्षं सहीपलीकडे काही लिहिलेलंच नसतं आणि मराठीचा 80 मार्कांचा पेपर तीन तास लिहायचा म्हणजे बोटं आखडतात. तर सुरुवातीला मॅडम रोज घड्याळ लावून अर्धा तास नुसतं लिहायला लावतात, शेजारी बसून पेन सैल कसं धरायचं तेही दाखवतात. जाऊबाई इतकं दाबून लिहायच्या की मागच्या पानावर उमटायचं!!

दुसरं, प्रत्येकीला मागच्या बॅचची पास झालेली एक ताई जोडून देतात. घरात लग्न, आजारपण निघालं की क्लास बुडतो आणि चार दिवस बुडाला की परत जायलाच लाज वाटते, खरी गळती तिथेच होते. आमच्या सासूबाई ॲडमिट होत्या तेव्हा त्या ताईंचा रोज रात्री फोन, "अहो बीजगणिताचं एकच उदाहरण करा आज, बाकीचं राहू दे." ओरडणं नाही की उपदेश नाही. त्या फोनमुळेच जाऊबाई टिकल्या.

कच्चं काय तर सायन्स. सर भराभर पुढे जातात, मधे विचारलं की नंतर सांगतो, आणि प्रॅक्टिकलचं सगळं संपर्क केंद्राच्या शाळेवर (म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचा फॉर्म ज्या शाळेतून जातो तिच्यावर) सोडून मोकळे. जाऊबाईंचं नेमकं सायन्सच राहिलं, बाकी सगळे विषय निघाले, इंग्रजीसुद्धा! आता एटीकेटीवर, म्हणजे एक-दोन विषय राहिले तरी पुढे प्रवेश मिळतो त्या सवलतीवर, अकरावीला ॲडमिशन घेतलंय, सायन्सच्या पुरवणी परीक्षेची तयारी चालू आहे आणि ताईंचा फोन अजून येतो. सायन्सचं मी मॅडमना स्पष्ट बोलले, सर बदलते म्हणाल्यात.

फी हप्त्याने घेतात. बोर्डाचे फॉर्म साधारण पावसाळ्यात सुरू होतात, तेव्हा आधीच चौकशी करून ठेवा. आणि दहावीला बसायला पाचवी पास असलं तरी चालतं, हे कितीतरी जणींना माहीतच नसतं.