नायलॉन घ्यावं की पॉलिएस्टर? अमाइड आणि एस्टर बघून ठरवा

तंबू, सॅक, दोर, रेनकोट, काहीही घ्यायला गेलं की लेबलवर फिरून फिरून दोनच नावं येतात, नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर, आणि बहुतेक जण कापड चिमटीत धरून बघतात नि मऊ लागलं ते उचलतात. माझं म्हणणं, आधी बाँड बघा, म्हणजे अणूंना जोडणारा दुवा. दोन्हींचे रेणू लांबलचक साखळीसारखे असतात, नायलॉनच्या साखळीत ठरावीक अंतरावर अमाइड बाँड असतो, पॉलिएस्टरच्या साखळीत एस्टर. दोघंही कार्बोक्झिलिक अ‍ॅसिडच्याच घरातले, अ‍ॅसिडचा ओएच गेला आणि त्या जागी अल्कोहोलचा ऑक्सिजन बसला की एस्टर, अमाइनचा नायट्रोजन बसला की अमाइड. एका अणूचा फरक, पण पावसात, उन्हात, धुताना सगळीकडे तोच आडवा येतो.

कॉलेजात कोण किती चटकन तुटतं याची एक उतरंड पाठ केलेली असते ती आठवा, अ‍ॅसिड क्लोराइड सगळ्यात तापट, मग अ‍ॅनहायड्राइड, मग एस्टर आणि सगळ्यात शांत अमाइड. कारण नायट्रोजन आपली इलेक्ट्रॉनची जोडी शेजारच्या कार्बोनिलला (ऑक्सिजनला दुहेरी बाँडने जोडलेल्या कार्बनला) एस्टरमधल्या ऑक्सिजनपेक्षा सढळ हाताने देतो, त्यामुळे तो कार्बन भुकेला राहत नाही आणि पाण्याला त्याच्यावर चाल करून जाणं अवघड पडतं. औषधाच्या डब्यात हे सरळ कळतं. अ‍ॅस्पिरिन एस्टर आहे, दमट जागेत पडून राहिलेली जुनी बाटली उघडली की व्हिनेगरचा वास येतो, तो एस्टर तुटून सुटलेल्या अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचा. पॅरासिटामॉल अमाइड, त्याला तसा वास कधी येत नाही.

मग या हिशोबाने पावसात नायलॉनच सरस ठरायला हवं ना? होतं बरोबर उलटं, आणि इथेच लोकांची गफलत होते. बाँड तुटणं वेगळं आणि पाणी शोषणं वेगळं. अमाइडमध्ये नायट्रोजनला हायड्रोजन लागलेला असतो, तो पाण्याशी हायड्रोजन बाँड (हलकी ओढ) करतो, म्हणजे अमाइड बाँड शाबूत राहतो पण साखळ्यांच्या मध्ये पाणी शिरून बसतं. साधारण २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला नायलॉन वजनाच्या सुमारे ४ टक्के पाणी धरतं, पॉलिएस्टर फक्त ०.४ टक्के. संध्याकाळी ढोलासारखा ताणून लावलेला नायलॉनचा तंबू रात्रभर पाऊस झाल्यावर पहाटे बघा, कापड मधोमध पोटासारखं खाली आलेलं असतं, झोपेत हात वर गेला की ओलं कापड हाताला लागतं, मग बाहेर येऊन सगळे दोर परत ओढायचे, आणि ऊन आलं की तेच कापड आपोआप ताठ. पॉलिएस्टरच्या तंबूला ही कटकट जवळजवळ नाहीच. ओलं नायलॉन थोडं कमजोरही होतं, वाळलं की ताकद परत येते.

पॉलिएस्टर पाण्याला इतकं दाद का देत नाही याची गोष्ट मला फार आवडते. ड्यूपॉन्ट कंपनीतल्या वॉलेस कॅरोथर्स या केमिस्टने आधी पॉलिएस्टरच बनवून बघितले होते, पण ते सरळ साखळीचे, कमी तापमानाला वितळायचे आणि गरम पाण्यात टिकायचे नाहीत, म्हणून तो अमाइडकडे वळला आणि १९३५ मध्ये नायलॉन हाती आलं. पुढे १९४१ मध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या ब्रिटिश केमिस्टांनी तोच सोडून दिलेला एस्टर परत उचलला, फक्त अ‍ॅसिड घेतलं टेरेफ्थॅलिक, ज्याच्या मध्ये बेंझिनची रिंग, म्हणजे सहा कार्बनचं ताठ कडं आहे. रिंगमुळे साखळी ताठ झाली, वितळायचं तापमान २५० अंशांच्या वर गेलं आणि पाण्याला आत शिरायला जागा राहिली नाही. म्हणजे उतरंडीत एस्टर अमाइडपेक्षा तापट असला तरी शेजारी कोण बसलंय त्यावर बरंच ठरतं.

उन्हाचं म्हणाल तर पॉलिएस्टर, वाद नाही, महिनोन्महिने बाहेर राहणाऱ्या वस्तूला नायलॉन घेऊच नये.

ताण आणि घासण्याचा प्रश्न आला की मात्र मी नायलॉनकडे जाते. ते ताणलं जातं आणि परत येतं, म्हणून गिर्यारोहणाचा दोर नायलॉनचा, माणूस पडला की झटका दोर पितो, कमरेला बसत नाही. शिडाच्या बोटीवर शीड वर चढवायचा दोर पॉलिएस्टरचा, कारण तिथे दोर लांबला तर शीड ढिलं पडतं, आणि नांगराचा दोर नायलॉनचा, कारण तिथे लाटेचे हिसके सोसायचे असतात. एकाच गाडीत सीटबेल्ट पॉलिएस्टरचा आणि एअरबॅग बहुतेक वेळा नायलॉनची असते. खडकावर घासणारी, सारखी फरफटणारी सॅक असेल तर नायलॉन. वजनातही तेच हलकं, घनता १.१४, पॉलिएस्टरची १.३८.

केमिकलजवळ वापरायचं असेल तर नीट लक्ष द्या. जोरदार अ‍ॅसिड नायलॉनला खातं, बॅटरीचं अ‍ॅसिड लागलेला नायलॉनचा दोर किंवा हार्नेस वरून धड दिसला तरी फेकून द्यायचा, तिथे काटकसर जिवावर बेतते. पॉलिएस्टर अ‍ॅसिडला बऱ्यापैकी पुरून उरतं पण कडक अल्कलीत मार खातं, साबण बनतो तीच ही रिअ‍ॅक्शन, एस्टर तुटून अ‍ॅसिडचा क्षार (सॉल्ट) आणि अल्कोहोल. कापड गिरण्यांत हेच मुद्दाम करतात, कॉस्टिक सोड्याने पॉलिएस्टरचा वरचा पापुद्रा काढतात म्हणजे कापड बारीक आणि रेशमासारखं पडतं.

आता जी गोष्ट विकणारा क्वचितच सांगतो. पाणी अडवतं ते कापड नव्हे, आतून लावलेला पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेन या प्लास्टिकचा कोट, आणि तो बऱ्याचदा एस्टरवाल्या पीयूचा असतो. तिथे बेंझिनची रिंग राखणीला नाही, दमट कपाटात गुंडाळून ठेवलेल्या तंबूत पाणी हळूहळू एस्टर तोडत राहतं, सुटलेलं अ‍ॅसिड पुढची तोडफोड आणखी वाढवतं, आणि काही वर्षांनी घडी उलगडली की कापडाला कापड चिकटलेलं, करकर आवाज करत सुटणारं, आंबट वास, बोटाला चिकट पापुद्रा. ईथरवाला पीयू (एस्टरच्या जागी ईथर बाँड असलेला) किंवा सिलिकॉनचा कोट असेल तर असं होत नाही, म्हणून दोन पैसे जास्त गेले तरी कोट कोणता आहे ते विचाराच. वापरलेला तंबू घेत असाल तर आतल्या शिवणीजवळ अंगठा दाबून धरा नि उचला, चिकटला तर तो तंबू घेऊ नका, मग वरचं कापड नायलॉन असो की पॉलिएस्टर.