वायरी लपवून देणारा माणूस

चवथीला पंधरा दिवस राहिले होते. आमच्या फोंड्याच्या घरात गणपती हॉलमध्ये बसतो, आणि माझं ऑफिसचं टेबलही तिथंच, मखराच्या अगदी उजव्या हाताला. टेबलाखाली लॅपटॉप, दोन मॉनिटर, राउटर आणि इन्व्हर्टरवरून ओढलेली एक वायर, असा सगळा गुंता. चिकटवायच्या क्लिपा लावून बघितल्या होत्या. आपल्याकडच्या पावसात त्यांचा गोंद टिकत नाही, जुलै संपेपर्यंत एकेक करून सगळ्या खाली. आई केर काढताना रोज म्हणायची, "माटोळीखाली हा उकिरडा पाहुण्यांना दाखवणार काय?" माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळा-पानांची चौकट.

तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: घरी येऊन टेबलाखाली ट्रे बसवून देणार, सहा पॉइंटच्या बोर्डासकट. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी माणूस हजर. हातात सॅम्पल. जाड पत्र्याचा, पावडर कोटिंग केलेला ट्रे, आत वजनदार बोर्ड, बोटाएवढी जाड वायर. फिटिंगसकट 4,000 रुपये, त्यातले 1,500 आधी. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल हवं तर जीएसटी वरून पडेल." मीही सातशे-आठशे वाचवले. पहिली चूक माझीच.

बसवायला आला तेव्हा माझी मीटिंग चालू होती. "दादा, तुमचं काम चालू दे, मी खालून करतो." अर्ध्या तासात सगळं आवरलं. वायरी काळ्या जाळीच्या नळीत, नळी ट्रेमध्ये, ट्रेला खालून झाकण आणि झाकणाला स्क्रू. "उघडू नका, वॉरंटी जाईल." माझा जुना बोर्ड "भंगारात टाकतो" म्हणत सोबत घेऊन गेला. तो बोर्ड आमच्या वायरमनने 1.5 स्क्वेअर मिलिमीटरच्या तीन कोरच्या, म्हणजे आत फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वेगळ्या तारा असलेल्या, वायरीवर बांधून दिलेला होता, हे मला नंतर आठवलं.

टेबल मात्र देखणं दिसत होतं, खोटं का बोला.

दोनेक दिवसांनी लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की बारीक मुंग्या यायला लागल्या. मी दमट हवेला दोष दिला. त्याला फोन केला तर हसून म्हणाला, "कांयच जावचें ना." काही होणार नाही म्हणे.

चवथीच्या सकाळी वहिनीने जवळ म्हणून त्याच बोर्डात इस्त्री लावली. इस्त्री हजार वॅटची, म्हणजे साधारण साडेचार अँपिअर. सहा अँपिअरच्या बोर्डाला हे काही जड नव्हे. पाचेक मिनिटांत धुपाच्या वासात दुसराच वास मिसळला. मेन स्विच पाडला, ट्रेला हात लावला तर चटका बसला.

मावसभाऊ वायरमन आहे. आरतीनंतर तो टेबलाखाली आडवा झाला आणि झाकण उघडलं. वायरीला जाड प्लास्टिक, आत केसासारख्या जेमतेम दहा-बारा तारा. त्याने एका तारेवर ब्लेड ओढलं तर आतून पांढरी. अ‍ॅल्युमिनियमला तांब्याचा नुसता मुलामा. वायरही दोनच कोरची. प्लगची वरची जाडी पिन, अर्थिंगची, शोभेला होती, तिला आत काहीच जोडलेलं नव्हतं. मुंग्या यायचं कारण हेच. वर पत्र्याचा ट्रे! सोललेली एखादी तार त्याला टेकली असती तर काय, यावर तो काही बोलला नाही, फक्त आईकडे बघितलं.

बोर्डावर आयएसआयची खूण छापलेली होती. खऱ्या खुणेच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवान्याचा क्रमांक. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घातला की कंपनीचं नाव दिसतं. आमच्या बोर्डावर खाली काहीच नव्हतं. घेताना एक मिनिट वाकून बघितलं असतं तर कळलं असतं.

आता टेबलाखाली उघड्या जाळीचा ट्रे आहे, लाकडात स्क्रूने पक्का. अ‍ॅडाप्टर तापतात, त्यांना हवा लागते, म्हणून झाकण नाही. बोर्ड मावसभावाने बांधलाय, तीन कोरच्या तांब्याच्या वायरीवर. बांधायला वेल्क्रोच्या पट्ट्या, म्हणजे कधीही सोडून बघता येतं. थोडं बाहेरून दिसतं. दिसू दे.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की विक्रेत्याच्या नावा-पत्त्यापुढे लिहायला माझ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर आहे. त्याने मला ब्लॉक केलंय. बायकोच्या फोनवरून बघितलं तर त्याची जाहिरात अजून चालू आहे, आणि खाली "ग्राहकाच्या घरी केलेलं काम" म्हणून फोटो. टेबल माझं, भिंतीवरचं कालनिर्णय आमचं. पुढच्या फोटोत सॅम्पल म्हणून हातात धरलेला बोर्डही मी ओळखला.