जुन्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० ला कार्ब (कार्ब्युरेटर) ठेवायचा की प्रोग्रॅमेबल एफआय (लॅपटॉपवर सेट होणारं फ्युएल इंजेक्शन) करायचं?

आधी एवढं सांगा, गाडीला नक्की काय होतंय? सकाळी लवकर सुरू होत नाही, मध्येच अडकते, ॲव्हरेज पडलंय, का इंजिनाचं काम केलंय आणि आता कुठलाच जेट (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) बसत नाहीये? उत्तरावर सगळं अवलंबून आहे, कारण एफआय करायचंय म्हणून फोन करणाऱ्या दहातल्या आठ जणांना खरंतर नीट सेट केलेला कार्ब हवा असतो असं माझं ठाम मत झालंय.

माझी क्लासिक ३५० २०१३ची, युसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये), कार्बवाली. तशीच, त्याच वर्षाची गाडी माझ्या मावसभावाकडे आहे. मी बोअर (सिलिंडरचा व्यास) वाढवला, वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा) टाकला आणि शेवटी मायक्रोस्क्वर्ट नावाचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) लावून फ्युएल आणि इग्निशन दोन्ही लॅपटॉपवर आणलं, त्याने इंजिनाला हात न लावता कार्बच ठेवला. दोन्ही गाड्या पुण्यात, दोन वर्षं एकत्र फिरतायत, त्यामुळे जे लिहितोय ते दोन्ही बाजूंनी बघून लिहितोय.

पहिली गोष्ट, पॉवर. कंपनीच्या इंजिनात नुसतं एफआय करून पॉवर वाढेल ही आशा सोडा. याचा पुरावा खुद्द रॉयल एनफिल्डनेच दिलाय. ३४६ सीसीचं हेच युसीई इंजिन कार्बवर १९.८ बीएचपीचं होतं, २०२० मध्ये बीएस६ साठी त्यालाच एफआय लावलं तेव्हा आकडा १९.१ वर आला, टॉर्क तोच, २८ न्यूटन मीटर. धुराच्या नियमात बसवण्यासाठी ते केलं होतं, पळण्यासाठी नाही. इंजिन किती हवा ओढतं ते व्हॉल्व्ह, कॅम आणि पोर्ट ठरवतात, पेट्रोल कार्बमधून आलं का इंजेक्टरमधून याने त्यात फार फरक पडत नाही.

आता दुसरी, जी लोक सगळ्यात जास्त सांगतात, घाट आणि उंची. मिकुनीचा २९ एमएमचा सीव्ही कार्ब आहे या गाडीवर, डायफ्रामवर चालणारा, तो थ्रॉटल झटकन उघडला तरी आतली स्लाइड (हवेची वाट उघडणारी) स्वतःच्या गतीने उचलतो, म्हणून बराच माफ करतो. पुणे साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास, म्हणजे हवा आठ-नऊ टक्के विरळ होते आणि कार्बचं मिश्रण त्याच्या साधारण निम्म्याने रिच (पेट्रोल जास्त) होतं, चार-पाच टक्के. मावसभावाला ते कधी कळलंसुद्धा नाही. खार्दुंग ला मात्र वेगळं प्रकरण आहे, साडेसतरा हजार फुटांवर हवेचा दाब जवळपास निम्मा होतो, तिथे कार्ब काळा धूर काढतो, प्लग ओला होतो आणि लोक एअर फिल्टर काढून गाडी ढकलताना दिसतात. एफआयला हवेचा दाब कळतो, तो पेट्रोल तेवढं कमी करतो, गाडी सुरळीत चालते, पण तिथेही विरळ हवेमुळे गेलेली पॉवर परत येत नाही हे लक्षात घ्या. म्हणजे सह्याद्रीसाठी एफआय लागत नाही. लडाख दर दोन वर्षांनी करणार असाल तर विचार करा.

तिसरी गोष्ट पेट्रोलची, आणि इथे कार्बवाल्यांनी नीट ऐका. शुद्ध पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १, वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई२० ला ते साधारण साडेतेरावर येतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो म्हणून. कार्बला हे कळायला मार्गच नाही, तो जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडतो आणि गाडी लीन (पेट्रोल कमी) चालते, हेड जास्त तापतं, थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटके येतात, सकाळी चोक जास्त वेळ लागतो. मावसभावाच्या गाडीला हेच सगळं होत होतं आणि फिटरने तीनदा काम करून बघितलं. शेवटी मेन जेट एक साइझ मोठा, पायलटचा (आयडलच्या मिश्रणाचा) स्क्रू थोडा बाहेर, जुने रबरी पाइप बदलले (इथेनॉलने ते फुगून मऊ पडले होते), आणि गाडी शांत झाली. खर्च हजार रुपयांच्या आत.

पण जेट किती मोठा करायचा हे आम्हाला कळलं कसं? वाइडबँड ओटू सेन्सरने, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण सांगणाऱ्या सेन्सरने. माझ्या गाडीसाठी घेतला होता, बॉशचा एलएसयू ४.९ आणि त्याचा कंट्रोलर, दहा-बारा हजारांत पडला. बेंडपाइपवर एक नट वेल्ड करून घेतला, सेन्सर थोडा वरून तिरका, कारण आडवा किंवा खालून लावला तर पाइपातलं पाणी साचून त्याचं सिरॅमिक तडकतं. आणि वाचताना एअर-फ्युएलच्या आकड्यापेक्षा लॅम्डा बघा, इथेनॉल किती का असेना, लॅम्डा १ म्हणजे बरोबर प्रमाण, त्याखाली रिच, वर लीन. फुल थ्रॉटलला ०.८५ ते ०.८८, साधं साठच्या स्पीडने जाताना ०.९५ च्या आसपास, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हे चांगलं चालतं. मावसभावाची गाडी फुल थ्रॉटलला ०.९८ दाखवत होती, त्याच दिवशी जेट बदलला. एफआयचा विचार करत असाल तरी पहिले पैसे यात घाला असं मी कळकळीने सांगतो, कारण पुढे एफआय केलंत तर हाच सेन्सर लागणार आहे आणि नाही केलंत तर कार्ब अंदाजाने नाही, बघून सेट होईल.

मधला एक रस्ता आहे, कार्ब तसाच ठेवून फक्त इग्निशन प्रोग्रॅमेबल करायचं. दुकानात रेसिंग सीडीआय म्हणून ठिणगी सोडणारे जे डबे मिळतात ते यात धरू नका, त्यातले बरेचसे फक्त आरपीएमची मर्यादा काढतात. खरं प्रोग्रॅमेबल म्हणजे कुठल्या आरपीएमला किती डिग्री आधी ठिणगी (ॲडव्हान्स) हे तुम्ही ठरवायचं, आणि त्यालाही थ्रॉटल किंवा व्हॅक्यूमचा सेन्सर जोडलेला असेल तरच अर्थ आहे, कारण हलक्या थ्रॉटलला इंजिन जास्त ॲडव्हान्स मागतं आणि पूर्ण थ्रॉटलला कमी. कॉम्प्रेशन वाढवलंय, पिस्टन बदललाय अशांसाठी हे फार उपयोगाचं, चढावर टॉप गिअरला टकटक (मिश्रण अवेळी पेटल्याची) येते ती तेवढ्याच भागात दोन-तीन डिग्री मागे घेऊन थांबवता येते. मूळ ८.५ कॉम्प्रेशनच्या इंजिनात मात्र कंपनीचं टायमिंग पुरेसं चांगलं आहे, तिथे पैसे घालू नका.

अजून एक पर्याय लोक विसरतात, बीएस६ क्लासिकचा सगळा एफआयचा संसार उचलून लावायचा. २०२० ची युसीई एफआय गाडी, अपघातात गेलेली, तिची थ्रॉटल बॉडी, पंपासकट टाकी, ईसीयू, पूर्ण वायरिंग, मॅग्नेट (क्रँकवर फिरून वीज बनवणारा) आणि सेन्सर, सगळं एकाच गाडीचं मिळालं तर कंपनीसारखी सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारी गाडी मिळते आणि ट्यूनिंगची कटकट नाही. अर्धं सामान इकडून अर्धं तिकडून घेतलंत तर मात्र महिनोन्महिने वायरी शोधत बसाल. आणि तो ईसीयू बंद असतो, उद्या बोअर वाढवला तर त्याला सांगता येत नाही.

आता पूर्ण प्रोग्रॅमेबल. मायक्रोस्क्वर्ट घ्या किंवा आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो, दोन्ही ट्यूनरस्टुडिओ नावाच्या सॉफ्टवेअरवर चालतात, दोन्ही एका सिलिंडरला पुरून उरतात. लोकांना वाटतं अवघड भाग पेट्रोलचा नकाशा (कुठल्या आरपीएमला किती पेट्रोल याचा तक्ता) बनवण्याचा आहे. तो सगळ्यात सोपा, आणि मजेचासुद्धा. अवघड आहे ते ट्रिगर आणि वीज.

ट्रिगर म्हणजे क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) कुठे आहे हे ईसीयूला सांगणारं दात असलेलं चाक. बऱ्याच कार्बवाल्या गाड्यांच्या मॅग्नेटवर पिकअपसाठी (फिरणं टिपणाऱ्या सेन्सरसाठी) एकच उंचवटा असतो, तेवढ्यावर एका मोठ्या पिस्टनचं इंजिन सांभाळता येत नाही, कारण कॉम्प्रेशनला पिस्टन वर जाताना क्रँक मंदावतो आणि पुढे सुटल्यावर पळतो, एका फेरीत एकदाच खूण मिळाली तर मधलं काही कळत नाही. मी बारा दातांतला एक काढलेलं चाक लेझरने कापून घेतलं आणि लेथवाल्याकडून मॅग्नेटवर अगदी सेंटरला बसवून घेतलं. सेन्सर आणि दातात एक एमएमपेक्षा थोडी कमी फट. मग रविवारी दुपारी डावं कव्हर उघडं, पिस्टन टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून मॅग्नेटवर पांढऱ्या नेलपॉलिशची बारीक रेघ, दहा डिग्रीवर दुसरी, आणि टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) मारला. सॉफ्टवेअरमध्ये ॲडव्हान्स दहा डिग्रीवर बांधून ठेवलेला, म्हणजे रेस काहीही असो रेघ जागेवर दिसायला हवी. ती आयडलला बरोबर होती आणि रेस वाढवली की हळूहळू सरकत होती. दोन तास मी सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसलो, आणि दोष निघाला सेन्सरच्या दोन वायरींचा, उलट्या जोडल्या होत्या. अशा व्हीआर (चुंबकी) सेन्सरच्या वायरी उलटल्या की टायमिंग आरपीएमबरोबर सरकतं. अदलाबदल केली, रेघ खिळल्यासारखी थांबली. हे न तपासता किक मारू नका, त्याआधीच्या आठवड्यात ठिणगी लवकर पडून किकने असा उलटा फटका दिला की नडगी पंधरा दिवस काळीनिळी होती.

वीज. हाय प्रेशर पंप, इंजेक्टर, ईसीयू आणि वाइडबँडचा हीटर मिळून साठ-सत्तर वॅट सतत खातात, म्हणजे अजून एक हेडलाइट चोवीस तास लागल्यासारखा. तुमच्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर आहे का थेट स्टेटरवर (मॅग्नेटजवळची वीज देणारी कॉइल) ते बघा, इंजिन बंद ठेवून नुसती चावी फिरवून लागतो का? नाही लागला तर स्टेटरची अर्धी वीज थेट दिव्याला जातेय, स्टेटरची अर्थिंग सोडवून फुल वेव्ह रेग्युलेटर (सगळी वीज बॅटरीकडे वळवणारा) लावावा लागेल. माझा पहिला रेग्युलेटर स्वस्तातला घेतला, तीन महिन्यांत गेला, पानशेतजवळ बॅटरी उतरत उतरत गाडी बंद पडली आणि टेम्पोत घालून आणावी लागली. कार्ब असता तर कमकुवत बॅटरीवरही किकने घरी आलो असतो, एफआयला मात्र व्होल्टेज फार खाली गेलं की ईसीयूच झोपतो.

बाकीचं पटकन सांगतो. पंपाचं प्रेशर तीन बार असतं, साधा पेट्रोल पाइप तिथे फुटतो, एफआयचाच पाइप आणि त्याच्याच क्लिपा वापरा. टाकीला आतून गंज असेल तर आधी ती साफ करा नाहीतर इंजेक्टर पहिल्याच महिन्यात चोक होईल. टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर रिकामी टाकीसुद्धा वाफेने उडते, जो रोज टाक्या करतो त्याच्याकडेच द्या. वीस-बावीस हॉर्सपॉवरला दीडशे सीसी प्रति मिनिटचा इंजेक्टर पुरतो, कारचा मोठा लावलात तर आयडल कधीच नीट होणार नाही. प्लग कॅप रेझिस्टरवाली हवी, नाहीतर ठिणगीचा विजेचा गोंधळ (नॉइज) ईसीयूत शिरून तो मध्येच रिसेट होतो. आणि एका सिलिंडरच्या व्हॅक्यूमचं रीडिंग प्रत्येक दुसऱ्या फेरीला वरखाली उड्या मारतं, सुरुवातीला थ्रॉटलच्या कोनावर ट्यून करा, व्हॅक्यूम नंतर.

आरटीओचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणून काम सुरू करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याकडे लेखी विचारा. पीयूसी वेगळं, ते नीट ट्यून केलेला कार्बही देतो.

खर्च विचाराल तर माझे वाइडबँड धरून साठ हजारांच्या आसपास गेले आणि आठ महिन्यांचे रविवार. बदल्यात मिळालं ते असं, वाढवलेल्या बोअरचं इंजिन डिसेंबरात पहाटे ताम्हिणीला एका सेल्फमध्ये सुरू होतं, चोक नाही, कॅम बदलला की दोन संध्याकाळी लॅपटॉप घेऊन नकाशा परत बसवता येतो. माझ्यासाठी ते वसूल झालं, कारण मी इंजिनाला अजून हात लावणार आहे. मावसभावाच्या गाडीला तेरा हजारांत, सेन्सर धरून, जे हवं होतं ते सगळं मिळालं आणि त्याला मी एफआय करू नको असंच सांगितलं.

तुमचं इंजिन मूळ असेल तर वाइडबँड आणि जेट. पिस्टन, कॅम, बोअर यातलं काही बदललंय किंवा बदलणार असाल आणि मल्टिमीटर घेऊन बसायची तयारी असेल तर प्रोग्रॅमेबल करा, आधी चार्जिंग, मग ट्रिगर आणि इग्निशन कार्बवरच चालवून बघा, आणि टायमिंगची रेघ जागेवर थांबली की मगच पंप आणि इंजेक्टर लावा. पहिल्या स्टार्टला शेजारी फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, आणि काढलेला कार्ब, त्याचं रबर, केबल एका डब्यात घालून ठेवा, माझा अजून माळ्यावर आहे.