आंबोलीची पक्षी सहल: मार्गदर्शकाला पैकीच्या पैकी, वेळापत्रकाला निम्मे

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या आंबोलीच्या पक्षी सहलींचा साचा ठरलेला आहे. तीन दिवस, दोन रात्री. सकाळी सावंतवाडी रोड स्टेशनला उतरायचं, जीपने घाट चढायचा, दोन्ही मुक्काम वर आंबोलीत, शेवटच्या दिवशी तिलारी आणि जमलं तर वेंगुर्ल्याचा किनारा, रात्रीच्या गाडीने परत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली अशीच एक सहल इथे तपासली आहे. आयोजकाचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, कारण पुढे सांगितलेल्या खोडी त्याच्या एकट्याच्या नाहीत.

आधी जाहिरातीतल्या ‘मेघवन’ या शब्दाचं बघू. मेघवन म्हणजे वर्षाचा बराच काळ ढगात बुडालेलं रान. खरं मेघवन म्हणजे कोस्टा रिकातलं मोंतेव्हेर्दे, किंवा आपल्याकडे निलगिरी-अनामलाईत दीड-दोन हजार मीटरवर उरलेली शोला जंगलं. आंबोली जेमतेम ६९० मीटरवर आहे. इथे ढग रानात मुक्कामाला येतो तो जून ते सप्टेंबर, आणि ऑक्टोबरात सकाळ-संध्याकाळपुरता. तरी शब्द अगदीच खोटा नाही. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अंजनी-जांभळाच्या खोडांवर शेवाळाची गादी असते आणि दुपारी दोनलाही रानात दिवेलागणीसारखा उजेड असतो. तक्रार शब्दाबद्दल नाहीच. तक्रार अशी की ढगाचं नाव घेऊन सहल विकायची, पण वेळापत्रक मात्र माळरानाचं लावायचं.

माळावर पक्षी बघायचे तर उजाडताना हजर असावं लागतं. आंबोलीत ऑक्टोबरात साडेसहाला उजाडतं तेव्हा महादेवगड पॉइंटवर वीस फुटांवरचा कठडा दिसत नाही. या सहलीत दोन्ही सकाळी सव्वासहाला तिथेच नेलं. अडीच तास लोक धुक्याकडे तोंड करून उभे. नऊला नाष्ट्यासाठी हॉटेलवर परत, आणि धुकं फाटून झाडं उन्हात आली ती नऊ-सव्वानऊला. म्हणजे शेंगदाण्याचे पोहे येईपर्यंत टेबलावर बसायचं आणि बाहेर सकाळची सगळ्यात चांगली वेळ निघून जायची.

हे उलटं करायला हवं. साडेपाचला निघून घाट उतरला की अर्ध्या-पाऊण तासात दाणोलीच्या बाजूला येता येतं. तिथे ढगाच्या खाली उजेड असतो, उंबर-वडावर हरियाल आणि धनेश सकाळीच उतरतात. नाष्टा डब्यात घ्यायचा. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी दोन तास सहज टिकते, पोहे गार झाले की घशाखाली जात नाहीत. नऊच्या सुमाराला परत वर. तीननंतर ढग पुन्हा खाली येतो, तेव्हा पुन्हा उतरायचं किंवा सरळ झोपायचं. स्थानिक मार्गदर्शकाला हे सगळं माहीत होतं. त्याने पहिल्याच संध्याकाळी सुचवलंही. पण जीप दिवसाला दोनच फेऱ्यांसाठी ठरवलेली, डिझेलचा हिशोब आधीच झालेला. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: धुकं बसलं तर गाडी घाटाखाली नेणार का, आणि त्याचे पैसे वेगळे का?

आता मार्गदर्शक. माणूस आंबोलीजवळचाच, आणि सहलीची किंमत वसूल होते ती त्याच्यामुळे. अशा रानात डोळा दुय्यम, कान पहिला. कर्ण्याचं उदाहरण घ्या. मलबारी कर्णा हा मैनेपेक्षा थोडा मोठा पक्षी, नराचं पोट लालभडक. एवढा रंग असून दिसत नाही, कारण तो तासन्‌तास एका फांदीवर ताठ बसतो आणि चाहूल लागली की पाठ आपल्याकडे करतो. पाठ वाळल्या पानाच्या रंगाची. त्याची ओढलेली, खर्जातली ‘क्यू... क्यू’ ऐकू आली की नवखे लोक पुढे धावतात आणि पक्षी गमावतात. हा मार्गदर्शक जागेवर थांबला, सगळ्यांना खाली बसवलं आणि आवाज दुसऱ्या बाजूने येईपर्यंत वाट पाहिली. सात-आठ मिनिटांत कर्णा स्वतःच वाटेवरच्या वेलीवर येऊन बसला, आणि या वेळी पोट आमच्याकडे.

दिशा सांगण्याची त्याची पद्धतही शिकण्यासारखी. ‘तो बघा, तिकडे’ असं एकदाही नाही. आधी झाड, मग खोडापासून कितवी फांदी, मग फांदीच्या कोणत्या बाजूला किती हात. हिरवा लेझर त्याच्याकडे होता, पण टिंब नेहमी पक्ष्याच्या हातभर खाली, खोडावर. पक्ष्याच्या अंगावर लेझर फिरवणारा मार्गदर्शक दिसला तर पुढची सहल दुसऱ्याकडे करावी.

मिश्र थव्याबद्दल थोडं सविस्तर, कारण या जंगलात वीस मिनिटं शुकशुकाट आणि मग पाच मिनिटांत पंधरा जाती, असंच चालतं. निखार, नीलमणी, पिवळ्या भुवईचा बुलबुल, हृदयांकित सुतार, ऑक्टोबरात नुकते आलेले पर्णवटवटे, क्वचित स्वर्गीय नर्तक, सगळे एकत्र किडे उडवत पुढे सरकतात. मध्ये भृंगराज, म्हणजे शेपटीला दोन पिसांच्या चवऱ्या लावलेला कोतवाल. तो थव्याचा पहारेकरी आणि चोरही: धोका दिसला की ओरडतो, आणि दुसऱ्यांनी उडवलेला किडा मध्येच पळवतो. थवा आला की त्याच्या मागे पळायचं नाही, तो कुठे चाललाय ते ओळखून पुढच्या मोकळ्या जागेत आधी जाऊन उभं राहायचं. हेही मार्गदर्शकाने बरोबर केलं. बारा जणांपैकी चौघांनी मात्र हे पाहिलंच नाही, कारण पायवाट एकेरी आणि ते शेपटाला. एका मार्गदर्शकामागे सहा माणसं, फार तर सात. बारा म्हणजे सहल नव्हे, दिंडी.

याच भृंगराजामुळे आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या, फोनवरच्या मर्लिन ॲपचाही गोंधळ होतो. हा पक्षी पट्टीचा नकल्या. सर्पगरुड, शिक्रा, सुतार, कुणाचाही आवाज काढतो, आणि ॲप इमानदारीने त्या सगळ्यांची नावं यादीत टाकतं. गटातल्या एकाच्या यादीत दहा मिनिटांत तीन शिकारी पक्षी आले, आकाशात एकही नव्हता. ॲप कान तयार करायला वापरा, यादी भरायला नको.

तिसऱ्या दिवशी तिलारी. दोडामार्ग तालुक्यातल्या या खोऱ्यातलं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० साली संवर्धन राखीव जाहीर झालं. जंगल सखल, दमट, बांबू आणि वेलींनी भरलेलं. खरं तर एक मुक्काम इथेच हवा होता. गरुड धनेश इथे दिसायच्या आधी ऐकू येतो, पंखांचा आवाज वाफेच्या इंजिनासारखा, झाडोऱ्यावरून जाताना माना आपोआप वर होतात. मलबारी कवड्या धनेशाची जोडी उंबरावर होती. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवरची मोठी दुर्बीण, संपूर्ण सहलीत इथेच आणि आंबोलीतल्या कावळेसादच्या दरीवर उपयोगी पडला, बाकी रानात त्याचं ओझंच.

आणि बेडूकतोंड्या. श्रीलंकन बेडूकतोंड्या दिवसा वेलींच्या जाळीत जोडीने चिकटून बसतो, जमिनीपासून दोन-तीन मीटरवर. मादी विटकरी, नर करडा आणि जास्त ठिपक्यांचा. मार्गदर्शकाने आठ-नऊ मीटरवर सगळ्यांना थांबवलं आणि कुजबुजला, “तां पान न्हय, पाखरू आसा.” तरीही दोघांना दिसायला पाच मिनिटं लागली. वाळलेली दोन पानं, एकाला डोळ्याच्या जागी बारीक चीर. जवळ गेलं तर तो उडत नाही, चोच वर करून मोडक्या फांदीसारखा ताठ होतो. लोकांना वाटतं पक्ष्याला आपली सवय झाली. तो घाबरलेला असतो. तिघा-तिघांना दोन मिनिटं, फ्लॅश बंद, आणि निघालो. उत्तम. रोज गट आणले की जोडी जागा सोडते, आणि मग मार्गदर्शकाचंही पोट त्या जागेबरोबर जातं.

इथेच आयोजकाच्या सोबत्याने खिशातून ब्लूटूथ स्पीकर काढला. मार्गदर्शकाने तो ठेवायला लावला, म्हणून प्रकरण मिटलं. आवाज लावून पक्षी बोलावणं हा झटपट मार्ग आहे: पक्ष्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा आला, तो खाणंपिणं आणि घरटं सोडून भांडायला येतो. वर्षभर हाच प्रयोग झाला की एक तर तो प्रतिसाद देणं थांबवतो किंवा जागा सोडतो. विणीच्या काळात तर हे नकोच. जाहिरातीत ‘तिबोटी खंड्याची हमी’ दिसली तरी सावध व्हा. तिबोटी कोकणात जून ते सप्टेंबर पिल्लं काढतो, मातीच्या दरडीत बीळ करून. हमी द्यायची तर बिळासमोर लोक बसवावे लागतात, आणि चोचीत पाल घेऊन आलेला पक्षी फांदीवर ताटकळतो. ऑक्टोबरात तो दिसला तर नशीब. या सहलीत दिसला नाही, आणि कुणी वचनही दिलं नव्हतं. हा गुण आयोजकाला.

सामानाची यादी पाठवली होती, पण ती सिमल्याच्या सहलीची वाटते. तीत १०×४२ दुर्बीण लिहिलीय. या उजेडात ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा. ४२ ला ८ ने भागलं की डोळ्यात येणारी प्रकाशाची चकती ५.२५ मिलिमीटर मिळते, १० ने भागलं की ४.२. सावलीत हा फरक दिसतो, शिवाय १० पटीत हात जास्त हलतो. दुर्बीण एसी खोलीत ठेवली की बाहेर दमट हवेत काचेवर वाफ धरते, म्हणून ती रात्रभर व्हरांड्याकडच्या बाजूला, सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात. शर्टाने पुसू नका, चिखलाचा कण काचेवर ओरखडा काढतो. रेनकोटपेक्षा काळी मोठी छत्री बरी, कारण रेनकोटच्या सळसळीत निम्मे आवाज बुडतात. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, शेवाळ असतं, तिथे महागडे ट्रेकिंग बूट घसरतात. सावंतवाडीच्या बाजारातले रबरी खिळ्यांचे बूट टिकतात.

एक गोष्ट यादीत नाही, आणि ती असायलाच हवी. हीच सहल जानेवारी ते मार्चमध्येही निघते, धनेशाच्या ढोलीसाठी. तो गोचिडांचा मोसम आहे. दोडामार्ग-सावंतवाडी भागात २०१६ पासून गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, मेलेलं माकड दिसलं तर लांबून निघा आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा, परतल्यावर अंग नीट तपासा. आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आधी सांगा. जळवांवर पानभर सूचना आणि गोचिडांवर एक ओळ नाही, हे बरं नव्हे.

वेंगुर्ल्याचा तासभर नुसता वेळापत्रक भरायला होता. सुरूच्या झाडावर काकण, म्हणजे समुद्र गरुड, दिसला. तो देवगडपासून शिरोड्यापर्यंत कुठेही दिसतो, त्यासाठी तिलारीची संध्याकाळ घालवायची गरज नव्हती.

जेवण चांगलं. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सोलकढी. खोल्यांना ओल होती, पण आंबोलीत ऑक्टोबरात ओल नसलेली खोली मागणं म्हणजे समुद्राकडे गोडं पाणी मागणं. ठरलेल्या पैशांत पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण आणि मार्गदर्शकाची बक्षिसी नव्हती, हे स्टेशनवर उतरल्यावर कळलं. चौघांचा गट असेल तर स्थानिक मार्गदर्शक थेट दिवसाच्या हिशोबाने घेणं आणि एक मुक्काम वर, एक दोडामार्गात करणं जास्त परवडतं आणि पक्षीही जास्त दिसतात. शनिवार-रविवार टाळा, मुख्य धबधब्यापाशी गाड्यांची रांग लागते आणि हॉर्न दरीभर घुमतात. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे सावकाश धावते, तेव्हा पहिली सकाळ हिशोबात धरूच नका.

खोली मागताना मागच्या बाजूची, ओहोळाकडची मागा. शीळकरी कस्तूर उजाडण्याआधी अर्धा तास तिथल्याच दगडावर बसून शीळ घालतो. जून-जुलैत रोज, ऑक्टोबरात कधीमधी. त्याला गाडी लागत नाही, धुकंही आड येत नाही.